दोन खटके खाली

तान्ह्या ठमीला मागच्या सीटवर पट्ट्यांत अडकवून झालं. दुधाची बाटली, दुपटं, जादाचे कपडे असा सगळा लवाजमा पायाशी रचून झाला. मग तिनं ब्रेकवर पाय ठेवून किल्ली फिरवली.

काहीच नाही. गाडी खोकली नाही की कण्हली नाही. समोरचे लाल-पिवळे दिवे तेवढे लागले आणि तिच्याकडे बघत बसले.

"आज नखरे नकोत हं, बाई," ती गाडीला म्हणाली. नवरा लांबच्या कामावर गेल्यापासून तिचं मोठ्या माणसासारखं बोलणं असं वस्तूंशीच व्हायचं. गळक्या नळाशी, इस्त्रीशी, न उघडणाऱ्या खिडकीशी. ठमीशी बोलायचं ते वेगळंच, बोबडं.

तिनं पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच. नवरा गेल्यापासून गाडी ती आज पहिल्यांदाच काढत होती.

आजचा दिवस हुकून चालणार नव्हतं. ताईची बस दुपारी महामार्गावरच्या थांब्यावर जेवणापुरती थांबणार होती. तिथून ताई विमानतळावर, आणि मग थेट परमुलखात, निदान तीन-चार वर्षं. ठमीला तिनं फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. "पाच मिनिटं आण गं तिला. एकदा मांडीवर घेते आणि जाते," ताई म्हणाली होती. या वसाहतीत भाड्याची गाडी हवी तर आदल्या दिवशी सांगावं लागे. थांब्याकडे जाणारी बस सकाळीच निघून गेलेली.

खालच्या मजल्यावरचे काका स्लिपर फटफटवत आले. जिन्यात "काय, बरं ना?" एवढंच म्हणणारा माणूस, पण बंद पडलेली गाडी दिसली की कुणाला गप्प राहवतं?

"बॅटरी गेली," काकांनी लांबूनच निकाल दिला.

तिनं हॉर्न दाबला. काका दचकून बाजूला झाले.

"हॉर्न तर ठणठणीत आहे," ते जरा नाराजीनं म्हणाले. "दिवे लाव. बरं, आता किल्ली फिरव. दिवे मंद होतायत का?"

"नाही हो."

"टक् असा आवाज?"

"काहीच नाही."

"मग धक्का मारू या! तू दुसऱ्या गिअरमध्ये टाक."

"काका, ऑटोमॅटिक आहे. धक्क्यानं नाही होत चालू."

"ऑटोमॅटिक?" काका गाडीकडे फसवणूक झाल्यासारखे बघत राहिले. "मग ती आपोआप व्हायला हवी की!"

एरवी ती हसली असती. मागे ठमीनं सूर लावायला सुरुवात केली होती. काकांना आतून हाक आली आणि ते "बघतो हं कुणी मिळतंय का" म्हणत गेले ते गेलेच.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो डोंगरात कुठेतरी टॉवर उभारायच्या कामावर होता, रात्रपाळी संपवून नुकताच आडवा झालेला. पडद्यावर त्याचा सुजलेला, झोपाळू चेहरा आला.

"चालू होत नाहीये? अगं, मी तर रोज करत होतो. एका किल्लीत व्हायची."

"तू कसा करायचास?"

"कसा म्हणजे? किल्ली फिरवायची, झालं."

"अरे, तेच तर करतेय मघापासून!"

"मग बॅटरी असेल."

इतक्या लांबून त्यालाही बॅटरीच सुचावी. रडून काही व्हायचं नव्हतं, रडायला मागे एक जण होतीच. तिला आठवलं, ठमीचं दुपटं कसं गुंडाळायचं हे आईला फोनवर विचारलं होतं, तेव्हा आईला ते धड सांगताच आलं नव्हतं. शेवटी आईनं फोनसमोर उशी घेऊन गुंडाळून दाखवलं होतं.

"एक काम कर. फोन समोर उभा कर. डोळे मीट."

"काय?"

"मीट ना. तू सकाळी कामाला निघालायस. गाडीत बस आणि चालू कर. बोलू नकोस, नुसतं कर."

तो हसला, पण त्यानं डोळे मिटले. खाटेच्या कडेला नीट सरसावून बसला. हवेतलं दार ओढलं. पट्टा लावला. एक हात खाली गेला आणि हँडब्रेक वर खेचला. किल्ली अर्धी फिरली. मग तोच हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि मनगट अलगद मागे आलं. एक खटका. दोन खटके. तेव्हा कुठे किल्ली पूर्ण फिरली.

"थांब! ते काय केलंस? दांडा खाली का घेतलास?"

"कुठला दांडा?" त्याचे डोळे अजून मिटलेलेच.

"पार्किंगवरून न्यूट्रलला आणलास तू!"

तो थबकला. आपल्याच हाताकडे बघायला त्यानं डोळे उघडले. "हो की... अगं, मागे कधीतरी पार्किंगमध्ये चालूच होईनाशी झाली होती. दांडा पार्किंगला आहे हे तिला कळतच नसेल, आतला स्विच झिजला असेल. तसं कधी करायला लागलो ते माझं मलाच..."

ती ऐकत नव्हती. हँडब्रेक खेचला, ब्रेक दाबला, दोन खटके खाली, किल्ली. गाडी थरथरली आणि सुरू झाली. ठमी गप्प झाली.

"झाली ना?" तिकडून तो खुशीत म्हणाला. आणि पुन्हा डोळे मिटून, गाडी मागे घ्यावी तशी मान वळवून, त्यानं एक हात बाजूला पसरला. शेजारच्या सीटच्या पाठीवर, जिथे तिचं डोकं टेकायचं तिथे, तो हात रिकाम्या हवेत थांबला.

तिला तसंच बघत राहावंसं वाटलं. "झोप आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

थांब्यावर ती पोचली तेव्हा लोक हात पुसत बसमध्ये चढत होते. ताई दाराशीच होती. तिनं धावत येऊन ठमीला घेतलं आणि तिथल्याच एका बाकावर बसली, मांडीवर. कान पाहिले, बोटं पाहिली. "अगं बाई, हनुवटी माझी आहे! कुणाला विचारून घेतलीस गं?" ठमी तिचं नाक धरू लागली. ताई हसत होती, डोळे पुसत होती, आणि सगळं ठमीलाच सांगत होती.

कंडक्टरनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ताई उठली, ठमीला परत दिली, पायरीवर चढली आणि तिथून वळून पहिल्यांदाच बहिणीकडे बघितलं.

"आणि तू गं? तू कशी आहेस?"

दार लागलं. बस हलली.

"मजेत!" ती ओरडली. बस वळणावर दिसेनाशी होत होती.

थांब्यावरच्या हॉटेलात टेबल पुसणाऱ्या माणसाला वाटलं, ती त्यालाच सांगतेय.

"बरं आहे," तो म्हणाला आणि पुढचं टेबल पुसायला गेला.