तिसरी हाक

टवका मात्र तसाच होता – चहाच्या मगाच्या काठाखाली, करंगळीच्या नखाएवढा, काळा. आजूबाजूचं निळं एनॅमल इतक्या वर्षांच्या घासण्यानं पार फिकं पडलं होतं, टवका तेवढा पहिल्या दिवसासारखा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा मग खोक्यात भरला कोणी, हे नोएमीला कळेना. तिनं तर तो तोलुकाला, आईच्या घरी, फळीवर अगदी मागे ढकलून ठेवला होता... निदान तशी तिची समजूत होती. तिच्या नवऱ्यानं, एफ्रेननंच भरला असणार. हा माणूस सामान बांधायला बसला की भिंतीवरच्या खिळ्यांसकट घर घेऊन येईल, असं आई म्हणायची. आई होती तेव्हा.

तिनं तो मग ओट्यावर ठेवला, टवका भिंतीकडे करून. मग पुन्हा उचलला, पुन्हा फिरवला. आतल्या खोलीत अब्रिल उड्या मारत होती – सहा वर्षांची पोर पहाटेपासून पोहायचा पोशाख घालून बसली होती, कारण आज रविवार, बाबाची पहिली सुट्टी, आणि आज समुद्रावर जायचं म्हणजे जायचंच. इश्तापाला येऊन अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत नोएमी बाजारात गेली, शाळेत गेली, चर्चमध्येही जाऊन आली, पण समुद्रावर म्हणून गेली नाही. रोज नवं निमित्त. टेकडीवरच्या या वस्तीत, जिथे हॉटेलातले वाढपी, माळी, धोबी राहतात, नोएमीच्या घराच्या मागच्या खिडकीतून दोन हॉटेलांच्या मधे बोटभर समुद्र दिसतो. तिनं तिथे पहिल्याच दिवशी चादर टांगली. ऊन येतं, म्हणाली. त्या बाजूनं ऊन येत नाही हे एफ्रेनला दिसत होतं, पण तो खिळा ठोकून मोकळा झाला.

परत जायचा प्रश्नच नव्हता. तोलुकाच्या थंडीत अब्रिलच्या छातीतून शिट्टी वाजायची, झोपेत पोर उठून बसायची, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं – हिला खाली न्या, उबेत न्या. नेमकी इथल्या हॉटेलात थंड हवेची यंत्रं सांभाळायची नोकरी एफ्रेनला मिळाली. देवानंच दार उघडलं, असं सगळे म्हणाले. अकरा दिवसांत शिट्टी एकदाही वाजली नव्हती. नोएमी पोरीच्या छातीला कान लावून ऐकायची, आणि आत सगळं स्वच्छ आहे असं कळलं की आनंद व्हायच्या आधी मनात यायचं... म्हणजे इथेच राहायचं तर. जगात इतके समुद्रकिनारे असताना नेमका हाच.

इथेच तिनं सेल्सोला सोडलं होतं.

म्हणजे सेल्सो जिवंत आहे. तिचा धाकटा भाऊ, अडतीस वर्षांचा, तोलुकाला आईच्या घरात एकटा राहतो, पावाच्या भट्टीवर काम करतो, एक पोपट पाळलाय, दर रविवारी दुपारी बहिणीला फोन करतो आणि फोनवर गप्प बसतो. पण आईकडची माणसं जे मानतात ते नोएमीही मानते – दुधातूनच आलंय ते, टाकू म्हटलं तरी टाकता येत नाही. लहान मूल परक्या जागी घाबरलं, पडलं, पाण्यात गेलं, तर तिथून निघताना त्याला नावानं हाक मारायची. तीनदा. चल रे बाळा, मागे राहू नकोस. मूल कडेवर असलं तरी हाक मारायची, कारण कडेवर असतं ते सगळंच मूल नसतं. त्याची सावली तिथेच खेळत राहिलेली असते, तिला सांगावं लागतं की आपण निघालो. आणि मुलानं म्हणायचं, आलो.

ती आठ वर्षांची होती, सेल्सो पाच. काकांच्या मालट्रकमधून सगळं खानदान आलं होतं, दोन दिवसांसाठी, भांड्याकुंड्यांसकट. दुसऱ्या दिवशी दुपारी लाटेनं सेल्सोला उचललं. भावावर लक्ष ठेवायचं काम नोएमीचं होतं, आणि नोएमी त्या वेळी वाळूत बोटानं स्वतःचं नाव लिहीत होती. कोळंबी विकणाऱ्या एका माणसानं सेल्सोला केसाला धरून बाहेर काढलं. मग सगळे त्याच्याभोवती. कोणी त्याचे पाय चोळतंय, कोणी ओंजळीनं नारळाचं पाणी पाजतंय, तिच्या वाटची नारळाची वडीसुद्धा त्यालाच... आणि तिला आईची एक थप्पड. कानाखाली, ओल्या गालावर. ओल्या गालावर थप्पड जास्त लागते, हे तिला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी ट्रक निघताना आईच्या मांडीवर काकूचं झोपलेलं तान्हं होतं, तिला उतरता येईना. मगात समुद्राचं पाणी भरून आण, ती म्हणाली, आणि तू मोठी आहेस, भावाला हाक मारून ये. नोएमी मग घेऊन खडकांपाशी गेली. आणि उभी राहिली. हाक मारली नाही. गाल अजून हुळहुळत होता, आणि तिच्या मनात आलं – स्पष्ट, शब्दाला शब्द – राहू दे त्याला इथेच. तिनं हातातला मग खडकावर आपटला. टवका उडाला. परत येऊन म्हणाली, मारली हाक.

त्यानंतर सेल्सो जो गप्प झाला तो झालाच. आईनं, दृष्ट काढतात तसं, त्याच्या अंगावरून अंडं फिरवून घेतलं. ते काम करणाऱ्या म्हातारीनं अंडं पेल्यात फोडून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हाक कोणी मारली होती? आई म्हणाली, मोठीनं. म्हातारीनं नोएमीकडे बघितलं. नोएमी मूग गिळून बसली. तेहतीस वर्षं झाली, ते मूग अजून गिळलेलेच आहेत.

"नोए, चल की. अजून किती वेळ तो मग विसळणार आहेस?" एफ्रेन दारातून म्हणाला. त्याच्या एका हातात भाताचं पातेलं होतं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या मक्याच्या टॉर्टिया. "पोरगी आता कोरडीच पोहायला लागेल."

समुद्रावर जायची वाट दोन हॉटेलांच्या मधून होती – उंच भिंतींमधली बोळवजा गल्ली, जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी. तोंडाशी पहारेकरी बसला होता. त्यानं आधी मनगटांकडे बघितलं. पाहुण्यांच्या मनगटाला हॉटेलची पट्टी असते, त्यांच्या नव्हती. मग पातेल्याकडे बघितलं आणि हसला. वस्तीवरचे का, म्हणाला, जा, पण खुर्च्यांपासून लांब बसा. अब्रिलनं मनगट पुढे करून आपल्यालाही पट्टी पाहिजे म्हणून सांगितलं. एफ्रेननं एका टॉर्टियाची कड फाडून तिच्या मनगटाला गुंडाळली. नोएमीला हसू आलं; खरंच आलं, आणि आपण हसतो आहोत हे कळल्यावर थांबलं.

खडक तिथेच होते. खडक कुठे जाणार म्हणा... पण तिला वाटलं होतं, काहीतरी बांधलं असेल वर, एखादं हॉटेल, एखादा धक्का. काही नाही. अब्रिल पाण्यात गेली, बापाच्या मानेला लोंबकळत, आणि नोएमी वाळूत बसून मोजत राहिली – डोकं वर, डोकं खाली, डोकं वर. तिचं बोट वाळूत काहीतरी लिहीत होतं. तिनं ते बोट मुठीत घेतलं. पाण्याच्या कडेला इतकी पोरं खेळत होती, आणि त्यांतलं एक, पाचेक वर्षांचं, अंगानं बारीक, पाठमोरं... ते वळेल म्हणून ती किती वेळ बघत होती. वळलं तेव्हा भलतंच कोणीतरी निघालं, आणि तिला हायसंही वाटलं नाही.

फोन वाजला. सेल्सो. नेहमीसारखं कशी आहेस, बरी आहे, आणि मग शांतता. पण आज त्या शांततेत लाटा होत्या.

"तोच का तो?" सेल्सो म्हणाला. "मोठा आवाज आहे."

आणि तिच्या तोंडून निघून गेलं. कसं, कुठून, कोण जाणे. "सेल्सो, मी तेव्हा तुला हाक मारलीच नव्हती रे. आईला मी खोटं सांगितलं."

पलीकडे पोपट काहीतरी ओरडला. मग सेल्सो हसला. सेल्सोचं हसणं तिनं मोजून तीन-चार वेळा ऐकलं असेल.

"काय बोलतेस, नोए? कान फुटायची वेळ आली होती माझी. मी ट्रकच्या ताडपत्रीच्या भोकातून बघत होतो ना. तू खडकावर उभी होतीस, तो मग वाजवत होतीस दगडावर, घंटेसारखा. सेल्सो चल, मागे राहू नकोस. तीनदा. मी आलोसुद्धा म्हटलं, आतूनच."

"मी नाही मारली. मला आठवतंय."

"मला पण आठवतंय." तो म्हणाला. "मी आईला विचारलं होतं, नोएमीला कोण हाक मारणार? आई म्हणाली, ती मोठी आहे. मोठी माणसं आपली आपण येतात."

मग भट्टीवर जायची वेळ झाली, म्हणाला, आणि फोन ठेवला.

सेल्सोला खोटं बोलता येत नाही. खरं बोलतानासुद्धा त्याची दमछाक होते. मग... मग ती कशी आठवण होती, शब्दाला शब्द, गालाच्या हुळहुळण्यासकट? तेहतीस वर्षं ती भावाचा चेहरा न्याहाळत आली, काय कमी आहे ते शोधत; आणि तो बापडा मुळात गप्प स्वभावाचा, अख्खाच्या अख्खा, पोपटाशी सुखात बोलणारा. हाक मारणारी एक मुलगी खडकावर होती, हे सेल्सोनं पाहिलंय. हाक न मारलेली एक मुलगी ट्रकमध्ये बसून घरी आली, हे तिला ठाऊक आहे. एफ्रेन नेहमी विचारतो, नोए, कुठे असतेस गं तू? लग्नाआधीपासून विचारतो. ती आपली म्हणते, इथेच तर आहे.

तिला भीती वाटली, पण सकाळची नव्हे. सकाळची भीती भावासाठी होती, तिला धरायला जागा होती. ही कुठे धरावी तेच समजेना.

ऊन उतरलं तशी एफ्रेननं चादर झटकली. नोएमी उठली, पाण्याकडे तोंड केलं आणि रीतसर म्हणाली, "अब्रिल, चल, मागे राहू नकोस." तीनदा. अब्रिलनं तीनदा आले म्हटलं, तिसऱ्यांदा जांभई देत. एफ्रेनला राहवलं नाही. त्यानं स्वतःच स्वतःला हाक मारली – एफ्रेन, चल गड्या, उद्या कामावर जायचंय – आणि स्वतःच ओ दिली.

"आणि आईला कोण बोलावणार?" अब्रिल म्हणाली.

"अगं, मी मोठी..." नोएमी बोलायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली.

अब्रिलनं दोन्ही हात तोंडाशी धरले. आई म्हणून चालणार नाही, इथे शंभर आया आहेत, हे तिचं तिलाच सुचलं असावं. "नोएमी! चल! मागे राहू नकोस!" दोन खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी वळून बघितलं. पोरीनं दुसऱ्यांदा हाक मारली. छातीत कुठेही शिट्टी नाही, आवाज खणखणीत, थेट खडकांपर्यंत. मग ती श्वास घ्यायला थांबली.

नोएमी खडकांकडे बघत होती. ओ द्यायला तिनं तोंड उघडलं होतं, पण आपण आधी दिली तर तिकडून येणारी ओ ऐकू येणार नाही, असं तिला वाटलं, आणि ती थांबली. एक लाट आली, फुटली, गेली. अब्रिलनं तिसरी हाक मारली.

"म्हणालीस का आले?" गल्लीच्या तोंडाशी अब्रिलनं विचारलं.

"म्हणाले ना?"

"हळू म्हणालीस," अब्रिल म्हणाली. "पण म्हणालीस."

नोएमीला आठवेना. पुढे एफ्रेन पातेलं वाजवत चालला होता, अब्रिल त्याच्या चड्डीला धरून. मागून नोएमी चालली, एका बाजूच्या भिंतीला खांदा घासत, शेजारी आठ वर्षांच्या पोरीपुरती जागा मोकळी सोडून.