भिंतीची डावी बाजू

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने चांगलाच तापट. दिवा पेटला की माझ्या अंगाला हात लावायची सोय नाही. चिमुकल्या काचेवरचं चित्र भिंतभर मोठं करून दाखवायचं, हे माझं काम. चित्रकलेच्या शाळेत, पडदे ओढलेल्या एका खोलीत माझी हयात गेली. शेजारी माझा सख्खा भाऊ असे. भिंतीची डावी बाजू त्याची, उजवी माझी.

दोन चित्रं शेजारी लावायची, हा कलेचा इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा हट्टच होता. "एकटं चित्र मुकं असतं. दुसरं जवळ आलं की बोलायला लागतं," असं त्या म्हणत. भाऊ पाचशे वर्षांपूर्वीची चित्रं दाखवी. गुळगुळीत गाल, रेशमाच्या चुण्या, खिडकीतून दिसणारे डोंगर. माझ्या वाट्याला आधुनिक चित्रं, म्हणजे तिरप्या रेघा आणि ठोकळे. मुलं फिदीफिदी हसत. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

बाई निवृत्त होणार होत्या. शेवटच्या तासाला त्यांनी आपली लाडकी जोडी राखून ठेवली होती. डावीकडे बाळाला घेतलेली जुनी आई, उजवीकडे नव्या काळातली. बाईंनी आधी माझा दिवा लावला. भिंतीवर दोन काळे त्रिकोण आणि एक निळा गोळा उमटला. वर्गात खसखस पिकली.

"बाई, हे तर माझी धाकटी बहीण पण काढेल," मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला.

बाईंनी हसून भावाचं बटण दाबलं. फट् आवाज झाला आणि त्याचा दिवा गेला. तसले दिवे आता मिळत नाहीत. मुलं हसतच घरी जाणार होती, आणि उद्या समजावून सांगायला बाई नसणार होत्या.

बाईंनी खुर्ची ओढली आणि भिंतीच्या अंधाऱ्या बाजूला जाऊन बसल्या. शाल गुंडाळून बाळासारखी कुशीत घेतली, मान कलती केली. माझा उजेड त्यांच्या खांद्यावर जेमतेम पोचत होता.

"जुनी आई अशी बसली होती," त्या म्हणाल्या. "आता शेजारी बघा."

मुलं एकदा बाईंकडे, एकदा भिंतीकडे बघू लागली. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "वरचा त्रिकोण म्हणजे मान आहे. तशीच कललीय."

मघाचा मुलगा उठून भिंतीपाशी आला. निळ्या गोळ्याखालच्या त्रिकोणावरून त्याने बोट फिरवलं. "आणि हा हात. बाळ घसरू नये म्हणून."

बाईंचा हात अवघडला होता, तरी त्यांनी तो हलवला नाही. त्या मुलानेच ती शाल अलगद काढून घेतली. "बाई, आता हात खाली घ्या. दिसलं आम्हाला."

मित्रांनो, भाऊ आता बंद असतो, पण त्याला माझ्या शेजारून हलवू नका. चित्र कळलं नाही, तर हसून निघून जाण्याआधी जरा थांबा. आणि कुणी तुमच्यासाठी हात अवघडेपर्यंत बसलं असेल, तर दिसल्याचं त्यांना वेळेवर सांगा.