न उतरणारी बाटली

टक्.

फ्रिजचं दार मिटलं. दुपारची सामसूम होती म्हणून ऐकू तरी आलं. ठकीच्या कुशीला आडवी झालेली तिची आई कान टवकारून पडून राहिली. पाणी प्यायला कुणी इतक्या चोरपावलांनी फ्रिज उघडत नाही.

तिने ठकीच्या कपाळाला हात लावला. अजून कढतच. सर्दी आली, ओसरली, पोरगी खेळायलाही लागली आणि मग ताप उलटला. नाकातून घट्ट पिवळं, डोळ्यांखाली ठणका, तोंडाला वास.

"साधी सर्दी असती तर मी हे औषध दिलंच नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण बरं होता होता पुन्हा बिघडलं, म्हणजे नाकाशेजारच्या पोकळ्यांत जंतूंनी बस्तान मांडलंय. अँटिबायोटिक आहे, मधेच सोडू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा. नाही पडला तर घेऊन या. आणि डोळा सुजला तर तेवढीही वाट बघू नका."

उतार काही पडत नव्हता. आणि बाटलीही उतरत नव्हती, हे त्याहून अजब. सकाळ-संध्याकाळ औषध मोजून पाजायचं, तरी बाटली आपली भरलेलीच. काल तिने लेबलावर पेनाने बारीक रेघ ओढली. आज पाहते तर औषध रेघेच्या वर. गुलाबी रंगही कसा धुवट झालेला.

मग संशयाला लांब कशाला जायला हवं? सासूबाई घरातच होत्या. शॅम्पू तळाला गेला की त्यात पाणी, भांड्यांच्या साबणात पाणी, सॉसच्या बाटलीतही पाणी घालून खळखळ. शिवाय 'एवढ्याशा जिवाला एवढं कडक औषध' हे पालुपद पहिल्या दिवसापासून चालूच.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई वाळलेल्या कपड्यांचा ढीग काखोटीला मारून उभ्या.

"आई, ठकीच्या औषधात पाणी घातलंत?" आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच गेलं.

सासूबाईंनी ढीग खाली ठेवला. "शॅम्पूत घालते, साबणात घालते. तुझ्या चहात घालत नाही हे नशीब समज. पण नातीच्या औषधात? जीभ कशी रेटली गं तुझी?"

"मग आत्ता फ्रिज कुणी उघडला?"

"मी आत्ता गच्चीवरून येतेय. तुझ्या नवऱ्याला विचार. बसलाय बघ बाहेर, दूध पिऊन आलेल्या बोक्यासारखा."

तो बाहेरच्या खोलीत गाल दाबून बसला होता. मिशीच्या टोकाला गुलाबी थेंब.

तिने तो बोटाने टिपून त्याच्यापुढे धरला. तसा तो बोलला. "माझंही डोकं ठणकतंय. पण डॉक्टरीणबाईंनी तिला औषध दिलं आणि मला काय, वाफ घ्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा. म्हणे तुमची साधीच सर्दी आहे, आपोआप जाईल. मला वाटलं, टोलवतायत."

"म्हणून पोरीचं प्यायलास?"

"एकेकच झाकण. आणि तिला कमी पडू नये म्हणून वर पाणी घालत होतो. दुकानदाराने नाही का, आपल्यासमोरच पावडरीत पाणी घालून बनवलं? मला वाटलं, तसंच असतं ते."

"गुण माझा घेतलास," सासूबाई दारातून म्हणाल्या, "अक्कल कुणाची घेतलीस कोण जाणे."

हसायला कुणालाच आलं नाही. तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लगेच आणा तिला. बाटलीही आणा. आणि मला सांगा, खरं औषध किती गेलं असेल पोटात?"

"काय माहीत. निघतोच आम्ही," ती म्हणाली. बाटली पिशवीत टाकून वळली, तर ठकी उंबऱ्यात उभी. केस पिंजारलेले, एका डोळ्याच्या कडेला किंचित फुगवटा. झोपेचा की कसला, काही कळेना.

"आई," नाक ओढत तिने विचारलं, "मग मी रोज शहाण्यासारखं प्यायले, ते औषध होतं की पाणी?"