एरंडेलातून वाचलेला मी

मी एक जिवाणू बोलतोय. मुक्काम निकिताचं मोठं आतडं, सिन्नर. नाक मुरडू नका, मी खानदानी आहे. माझे पूर्वज निकिताच्या जन्माच्या वेळीच तिच्या आईकडून, सगुणाबाईंकडून, इथे राहायला आले.

निकिता आणि योगिनी जुळ्या बहिणी. भाकरी-मटकीतला जो चोथा निकिताला पचत नाही, ती माझी मेजवानी. त्याचं मी आम्ल बनवतो. त्याने तिच्या रक्तातले रोगजंतूंशी लढणारे शिपाई शांत राहतात, आपलं कोण नि परकं कोण हे विसरत नाहीत. या कामाचा मला भारी अभिमान आहे.

योगिनीचे शिपाई मात्र बिथरले. उंदराने वायरीवरचं प्लास्टिक कुरतडावं तसं ते तिच्याच नसांवरचं आवरण कुरतडतात. तिचा पाय ओढतो, हातातला कप हिंदकळतो. "दोघी एकसारख्या, मग मलाच का?" असं ती सारखी विचारते. दोघींच्या पोटातल्या वस्तीत काही फरक आहे का, हे बघायला नाशिकच्या डॉक्टरांनी दोघींच्या शौचाचे नमुने मागवले.

झालं! आदल्या संध्याकाळी सगुणाबाईंनी निकितापुढे एरंडेलाची वाटी धरली.

"एवढे मोठे डॉक्टर बघणार. असली घाण पाठवायची व्हय? पोट कसं लख्ख पाहिजे."

माझी पाचावर धारण बसली. आमची निम्मी वस्ती वाहून गेली असती. निकिताने वाटी तोंडाला लावलीसुद्धा.

"पिऊ नको!" योगिनी ओरडली. "आई, त्यांना तीच तर बघायची हाय. ती धुतली तर माझं उत्तरबी जाईल."

निकिताने वाटी मोरीत ओतली.

आज मी डबीत आहे, बर्फाच्या पेटीत. शेजारच्या डबीत योगिनीकडचे जिवाणू. मागची काळजी नाही, निकिताच्या पोटात माझे कोट्यवधी भाऊबंद कामावर आहेत. योगिनीला बरं करीन अशी फुशारकी मी मारणार नाही, डॉक्टरही अजून शोधतायत. पण तिच्या प्रश्नावर साक्ष द्यायला मला बोलावलंय! छाती असती तर फुगली असती. तुम्हीही मनाने औषधं घेऊन आम्हाला उगाच हुसकावू नका, एवढंच मागणं.

पेटी न्यायला माणूस आला. काल मला घाण म्हणणाऱ्या सगुणाबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून दिली.

"जपून न्या, दादा," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन्ही पोरी हायत यात."