नसलेली फळी

पिवळी चिठ्ठी, चार बोटांएवढी, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीतलं ते नम्र अक्षर — ‘हात थोडा खाली घेता येईल का?’ — चिकटवली होती नेमकी चित्रातल्या बापाच्या मनगटावर. सकाळपासून तिनं ती दोनदा उचकटली, दोनदा परत लावली.

पुस्तक आठ वर्षांच्या मुलांसाठी होतं. या पानावर टेबलाखाली दडलेली मुलगी, अंग चोरून वाकलेली आई, आणि आईवर हात उगारलेला बाप. लेखकानं मजकुरातलं ‘मारलं’ काढून ‘रागावले’ केलं होतं, कुरकुर न करता. राहिलं होतं तिचं चित्र. संपादकबाई फोनवर गोडच बोलल्या — शाळा पुस्तकं परत पाठवतात, पालक भांडायला येतात, पान पाचपर्यंत छपाईला जायलाच हवं, आणि ताई, तुम्हाला काय, हातचा मळ आहे. गोड बोलणाऱ्यांशी भांडताही येत नाही, हा तिचा जुनाच त्रास.

हात खाली घेतला तर बाप नुसता बसची वाट बघत उभा राहिल्यासारखा दिसे. खिशात घातला तर आईचं वाकणं खोटं वाटे. खोडून खोडून कागद हुळहुळा झाला. ती उठली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा बसली... आणि काही न ठरवता त्या उगारलेल्या हाताच्या वर तिनं एक आडवी रेघ ओढली. तिच्याखाली दुसरी. वर एक डबा. झालं. बाप फळीवरचा डबा काढत होता, आई बाजूला सरकत होती. हात तसूभरही हलला नव्हता.

इतकं चोख जमलं की आधी तिला चक्क आनंद झाला. मग त्या आनंदाचीच शिसारी आली.

कारण युक्ती तिची नव्हतीच, आईची होती. शेजारीण, डॉक्टर, मामा — भुवईवरच्या जखमेबद्दल कुणीही विचारलं की आई हसून सांगायची, अहो, हे फळीवरचा डबा काढत होते, निसटला. आणि टेबलाखालून सगळं पाहिलेली ती मान डोलवायची... किती मनापासून डोलवायचे मी, मला कुणी विचारलेलं नसताना. तेव्हाच्या घरातल्या त्या भिंतीला फळी नव्हती. एक खिळा होता, त्याला बाबांची छत्री. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण खिळा, छत्री, एवढं माझं पक्कं आहे.

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगत होती ती या पानावर, परक्या मुलांना, आणि तेही फळी लावून. त्यांतलं एखादं टेबलाखाली बसलेलं असणारच. फळी बघून तेही शहाण्यासारखं मान डोलवेल, आणि मग त्याला कोण विचारणार?

साडेचारला आई चहा घेऊन आली. कप ठेवून, चष्मा सावरून चित्रावर वाकली. तिनं चित्र झाकलं नाही. आईनं बघावं असं तिला वाटत होतं, आणि बघू नये असंही.

“अगदी आपल्या घरासारखं काढलंस गं.”

“आपल्याकडे फळी नव्हती, आई.”

“नव्हती कशी? यांच्या हातून डबा नाही का पडला माझ्यावर?”

आई तिच्याकडे सरळ बघत होती. आवाजात लपवाछपवी नव्हती, पूर्वीचं ते हसूही नव्हतं. आई खोटं बोलत असती तर तिनं आज भांडण काढलं असतं, इतक्या वर्षांचं सगळं. पण आईला ते खरंच आठवत होतं. चहा गार करू नकोस, एवढं म्हणून आई निघून गेली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजायला लागला. खोडरबर हातात धरून ती डोळ्यांपुढे ती भिंत आणू पाहत होती — खिळा, छत्री... आणि त्यांच्यावर, अगदी जागच्या जागी, फळी. चित्रातला डबा अजून बिनरंगाचाच होता. मला मात्र तो निळा दिसत होता.