महापौर रोझबूम यांच्या हातची मोहोर

मी पितळेची मोहोर बोलतेय, सरकारी कागदावर ठसा उमटवणारी. अमेरिकेतल्या हडसन नदीकाठच्या एका शहराचा महापौर बदलला की मी या हातातून त्या हातात जायची. असे अकरा हात पाहिले. सांगण्यासारखा एकच, गेरिट रोझबूम यांचा.

रोझबूम मूळचे पीठवाले. पावाचं वजन ठरवायचं, गाडीवानांना परवाने द्यायचे, डुकरं रस्त्यावर मोकाट सोडणाऱ्याला दंड करायचा, असली त्यांची कामं. लाखेवर मला दाबायचे आणि लगेच हात पुसायचे.

एका जूनमध्ये बार्बाडोसहून आलेल्या जहाजावर देवीची साथ निघाली. रोझबूमनी हुकूम काढला: जहाज चाळीस दिवस बंदराबाहेरच्या बेटापाशीच थांबेल, एकही माणूस उतरणार नाही. खाली मीच उमटले.

मार्ट्ये नावाच्या खाटकिणीचा नवरा त्या जहाजावर खलाशी होता. ती कचेरीच्या दारात येऊन ओरडली, "स्वतःची पोर असती, तर कडेवर घेऊन आणली असती मेल्यानं!"

"बाई," कारकून पेल हळूच म्हणाला, "त्यांची लेक कॅटलिना त्याच जहाजावर आहे."

मार्ट्ये तशीच परत गेली.

दुपारी त्यांची बायको लिसबेथ आली. "अहो, तिला एकटीला होडीतून आणा ना. कोण विचारतंय तुम्हाला?"

"मग मार्ट्येच्या नवऱ्याला कसं अडवू?"

"नका अडवू!"

त्यांनी समोरचा गाडीवानाचा परवाना ओढला आणि मला लाखेवर दाबलं. ठसा नेहमीसारखाच स्वच्छ उमटला. मला काहीच वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं.

शहरात देवी आल्या नाहीत. जहाजावर चौदा माणसं गेली, त्यात मार्ट्येचा नवराही. कॅटलिना वाचली.

ऑगस्टमध्ये ती कचेरीत आली. चेहराभर व्रण, डावा डोळा गेलेला. मावशीकडे आल्बनीला कायमचं जायचं होतं, त्यासाठी रोगमुक्तीचा दाखला हवा होता.

"महापौरसाहेब, शिक्का मारता?"

"ट्रिन्ये," त्यांनी घरच्या लाडक्या नावानं हाक मारली, "बस जरा."

"होडी थांबलीय."

त्यांनी लाख वितळवली, मला टेकवलं. लाख थिजली तरी हात उचलेना. शेवटी तिनंच त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि कागद घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पावाचं वजन ठरवायचं होतं. ते वेळेवर आले. पुढची दोन वर्षं वेळेवर येत राहिले.

आता राजा नाही, त्याच्या नावाची मीही निकामी. संग्रहालयात काचेखाली पडून असते. बाहेरच्या चौकात रोझबूम यांचा पुतळा आहे, खाली लिहिलंय 'शहराचा तारणहार'. जाता-येता फुलं ठेवायची तर ठेवा. फक्त शाबास म्हणू नका. ते हयात असताना चौकातून कुणी तसं म्हटलं की ते उठून कचेरीची खिडकी लावून घ्यायचे.