तोंड लावत नाही

चिमट्यातलं गांडूळ निसटून तळाशी गेलं, तसा कवळीवाल्यांनी बाही सारून थेट हातच टाकीतल्या गार पाण्यात घातला. बोटांत गांडूळ येतंय न येतंय तोच कोपऱ्यातून अ‍ॅक्सोलोटल, तो पाण्यात राहणारा सरड्यासारखा प्राणी, झेपावला. मानेभोवतीचे पिसांसारखे गुलाबी कल्ले हलले, रुंद तोंड उघडलं, आणि पाण्यासकट गांडूळ आत ओढलं गेलं. त्याबरोबर त्यांच्या तर्जनीचं टोकही.

ते दचकले, पण दुखलं काहीच नाही. बारीक पॉलिश पेपर घासल्यासारखं वाटलं, इतकंच. उभं आयुष्य लोकांच्या कवळ्या बनवण्यात गेलेलं. हे दात तोडायचे नव्हेत, नुसते धरायचे, हे त्यांना बोटानेच कळलं. त्याने क्षणभर धरलं आणि सोडून दिलं. हात बाहेर काढणं त्यांच्या जिवावर आलं. बायको गेल्यापासून त्या हाताला कुणी धरलं नव्हतं.

प्राणी मुलाचा. नव्या घरात जागा नाही म्हणून तो टाकी इथे ठेवून गेला होता. फोन आला की आधी त्याचीच चौकशी.

"खातोय ना?"

"खातो की."

मग बोलणं संपायचं.

त्या संध्याकाळी मात्र कवळीवाल्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"तोंड लावत नाही रे कशाला."

मुलगा बराच वेळ बोलला. पाणी तापलंय का, कल्ले फिके पडलेत का. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग रोजच. कवळीवाले गांडुळं घालत राहिले आणि फोनवर नाही म्हणत राहिले.

रविवारी मुलगा दारात उभा, हातात झाकणाची बादली.

"तुम्हाला उगाच ताप, बाबा. माझा एक मित्र असले पाळतो. त्याला देऊन टाकतो."

कवळीवाले बाजूला झाले. मुलगा बुटांसकटच टाकीपाशी गेला. जाता जाता म्हणून त्याने चिमट्याने एक गांडूळ सोडलं. ते तळाला टेकायच्या आत गट्टम झालं. दुसरंही.

मुलाने त्या गुबगुबीत पोटाकडे पाहिलं, मग बापाकडे. कवळीवाले कोरडीच बोटं पंच्याने पुसत होते.

"तुला पाहून खाल्लं असेल," ते म्हणाले.

मुलगा हसला नाही. त्याने बादली उचलून दाराबाहेर ठेवली आणि उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.